दीड तासानंतरची पट्टी

छातीतलं दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं हे आम्हाला मागामुळे कळलं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हे गृहस्थ जॉबर. रात्रपाळीत एक माग दुरुस्त करता करता पाना तसाच टाकून ते खाली बसले आणि शेजारच्या कामगाराने माग बंद पडल्याची वेळ वहीत लिहिली: ५:१०. एरवी ही वेळ काढून घेणं फार अवघड असतं. बहुतेक जण "पहाटेपासून" म्हणतात, आणि आमच्याकडची पहाट रात्री दोनपासून सूर्य उगवेपर्यंत कुठेही असू शकते.

वय ५८. मधुमेह नऊ वर्षांचा, गोळ्या मनाला येईल तशा. माव्याची सवय. वजन ५८ किलो. घर पूर्व भागात, बायको विड्या वळते, मुलगाही कारखान्यातच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, ईसीजीच्या पट्ट्यांवरचे आकडे बदललेले नाहीत.)

गॅस झालाय असं समजून त्यांनी आधी सोडा प्यायला आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांवर पडून राहिले. साडेसहाला जवळच्या एका दवाखान्यात ॲसिडिटीची सुई झाली. तिथे ईसीजी मशीन नव्हतं. दहा मिनिटं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ७:४० ला मुलगा आणि त्याचा मित्र त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून आमच्या दारात घेऊन आले. आमचं रुग्णालय छोटं आहे. आयसीयू आहे, व्हेंटिलेटर आहे, हृदयाच्या वाहिन्या उघडायची कॅथलॅब नाही.

"मामा, कसं दुखतंय?"

"छातीवर बीम ठेवल्यागत वाटूलालंय, साहेब."

सुताने भरलेला मागाचा बीम ज्याने उचललाय त्याच्या तोंडची ही उपमा. तिच्यानंतर निदानासाठी फारसं काही विचारायची गरज नव्हती. अंगभर घाम. नाडी १०४, रक्तदाब १०८/७०, ऑक्सिजन ९४. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी ओली करकर. म्हणजे झटक्याने हृदय किती थकलंय हे तपासून ठरवणाऱ्या किलिपच्या वर्गवारीत दुसरा वर्ग. किलिप आणि किंबॉल यांनी १९६७ साली फक्त २५० रुग्णांवरून ही वर्गवारी मांडली. त्यात पहिल्या वर्गातले ६ टक्के, दुसऱ्यातले १७, तिसऱ्यातले ३८ आणि चौथ्यातले ८१ टक्के रुग्ण दगावले होते. उपचार तेव्हापासून पार बदलले, आकडे खाली आले, पण पायऱ्यांचा क्रम तोच राहिला. कानाला स्टेथोस्कोप लावून भविष्य सांगायची इतकी स्वस्त पद्धत दुसरी नाही.

पहिली पट्टी, ७:४६

आल्यापासून सहा मिनिटांत ईसीजी निघाला. दहा मिनिटांच्या आत निघायला हवा, असा नियम आहे.

लीड म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघायच्या खिडक्या, आणि एसटी म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या टोकदार लहरीनंतरचा, एरवी सपाट असणारा भाग. हा एसटीचा भाग व्ही-१ पासून व्ही-५ पर्यंत वर चढलेला, शिवाय लीड वन आणि एव्हीएलमध्येही. लीड थ्री आणि एव्हीएफमध्ये उलट खाली. इथपर्यंत कुठलाही रेसिडेंट सांगेल: समोरच्या भिंतीचा झटका, डाव्या पुढच्या रक्तवाहिनीत अडथळा, तोही बराच वरच्या भागात. वरच्या भागात हे एव्हीएल आणि खालच्या लीडवरून कळतं. गुठळी पहिल्या डायगोनल फांदीच्या अलीकडे असली की हृदयाचा वरचा बाजूचा भागही उपाशी राहतो, आणि त्याचं प्रतिबिंब खालच्या लीडमध्ये उलटं उमटतं.

मला जास्त वेळ थांबवलं ते व्ही-२ आणि व्ही-३ ने. या दोन लीडमध्ये एरवी क्यूआरएसच्या, म्हणजे त्या टोकदार लहरीच्या, शेवटी खाली जाणारी खोल एस लहर असते. इथे ती नव्हतीच. आर लहर वर गेली आणि खाली न येताच एसटीच्या घुमटात मिसळून गेली. याला इस्केमियाची, म्हणजे स्नायूच्या उपासमारीची, तिसरी श्रेणी म्हणतात. पहिल्या श्रेणीत फक्त टी लहर उंच होते. दुसरीत एसटी चढतो, पण क्यूआरएसचं शेपूट शाबूत असतं. तिसरीत ते शेपूटच जातं. स्क्लारोव्हस्की आणि बिर्नबॉम यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिचा अर्थ रांगडा आहे: या भागाला बाजूच्या वाहिन्यांतून जवळपास काहीच रसद मिळत नाहीये, स्नायू वेगाने मरतोय, आणि वाहिनी उघडली तरी आतल्या बारीक केशवाहिन्यांत रक्त नीट पोहोचेल याची खात्री नाही. एसटी किती मिलिमीटर चढला हे सगळे मोजतात. शेपूट आहे की नाही हे बघायला दोन सेकंद जास्त लागतात, आणि घाईच्या सकाळी तेवढे दोन सेकंदच कुणी देत नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे व्ही-१ ते व्ही-३ मध्ये क्यू लहरी, म्हणजे मेलेल्या स्नायूच्या खुणा, उमटायला लागलेल्या. दुखणं सुरू होऊन अडीच तास झालेले, पण घड्याळ सांगत होतं त्याच्या पुढे स्नायूचा प्रवास गेला होता. मधुमेही माणसाला दुखणं उशिरा जाणवलं असण्याचीही शक्यता धरावी लागते.

मी पेनाने मोजलं. क्यूआरएस संपतो त्या जे बिंदूपासून, मागच्या सपाट रेषेच्या वर किती. कागदावर दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. व्ही-१ मध्ये अडीच, व्ही-२ चार, व्ही-३ पाच, व्ही-४ साडेतीन, व्ही-५ दीड, लीड वन एक, एव्हीएल दीड. एकूण १९ मिलिमीटर. हा आकडा पट्टीच्याच कोपऱ्यात लिहून ठेवला. पुढचं सगळं प्रकरण या १९ भोवती फिरतं.

गुणांचा हिशेब

टिमी स्कोअर २००० साली आला. एसटी चढलेल्या झटक्यात महिन्याभरात मृत्यूची शक्यता किती, हे खाटेजवळ उभं राहून बोटांवर मोजता येतं. आमच्या मामांचा हिशेब असा: वय ६५ च्या आत, शून्य. मधुमेह, एक. वरचा रक्तदाब शंभरच्या वर, शून्य. नाडी शंभरच्या वर, दोन. किलिप दुसरा वर्ग, दोन. वजन ६७ किलोच्या आत, एक. समोरच्या भिंतीचा झटका, एक. उपचार चार तासांच्या आत, शून्य. एकूण सात. मूळ अभ्यासात सात गुणांना तीस दिवसांतला मृत्युदर २३.४ टक्के होता. शून्य गुणांना तो ०.८ होता.

इथे दोन गोष्टी मला कायम खटकतात. वजनाचा गुण आमच्या यंत्रमाग कामगारांत, विडी कामगार बायकांत इतक्या सर्रास पडतो की त्याने कुणी वेगळं निवडून येत नाही. आणि ईसीजीला चौदापैकी थेट एकच गुण. नाडीचा वेगही पट्टीवरूनच वाचता येतो म्हणून ते दोन धरले तर तीन. शेपूट गेलंय, क्यू आल्यात, एव्हीएल वर आहे, यातलं काहीही त्या एका गुणात मावत नाही. स्कोअर तयार करणाऱ्यांचं चुकलं असं नाही. त्यांना सोपं काहीतरी हवं होतं. पण सोपं करताना कागदावरची निम्मी माहिती टाकून दिली जाते, हे वापरणाऱ्याने विसरू नये.

मग थेट ॲन्जिओप्लास्टी का नाही?

हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात केव्हाच आला असेल, आणि तो रास्त आहे. ईसीजीपासून दोन तासांत वाहिनीत तार जाणार असेल तर थेट ॲन्जिओप्लास्टीच करावी. सोलापुरात कॅथलॅब आहेत. सिद्धरामेश्वराच्या यात्रेच्या गर्दीतही आमच्या दारापासून वीस-पंचवीस मिनिटांवर. अडचण अंतराची नव्हतीच.

अडचण अशी की मुलगा एकटा निर्णय घ्यायला तयार नव्हता. थोरले काका भिवंडीला, फोन लागेना. "योजनेत बसतंय का?" हा पहिला प्रश्न, रेशनकार्ड घरी, घराची किल्ली आईकडे आणि आई पहाटेच सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला गेलेली. महात्मा फुले योजनेत तातडीच्या रुग्णाची नोंद आधी फोनवर करून कागद नंतर देता येतात, हे मी दोनदा सांगितलं. त्याने ऐकलंही. पण ज्या माणसाचे हात थरथरताहेत त्याला नियम सांगून उपयोग होत नाही.

८:२० ला मी वाट बघणं थांबवलं. ॲस्पिरिन चावायला आधीच दिलं होतं, क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम दिलं होतं. साठ किलोच्या आतल्या वजनाला गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज ३० मिलिग्रॅम, एकाच दमात शिरेतून, सोबत रक्त गोठू न देणारं एनॉक्सापॅरिन. दुखण्यासाठी थोडं मॉर्फिन. निदानापासून इंजेक्शनपर्यंत चौतीस मिनिटं गेली. त्यातली वीस तरी माझी होती, मुलाची नव्हेत. मी इंजेक्शन आधी देऊन बोलणी मागाहून करू शकलो असतो.

फसवी पट्टी

८:५० ला मॉनिटरवर क्यूआरएस रुंद दिसायला लागला. पट्टी काढली तर उजव्या बंडलचा ब्लॉक, नवा कोरा. क्यूआरएस १४० मिलिसेकंद. हृदयाच्या मधल्या पडद्यातून जाणारी ही विजेची तार डाव्या पुढच्या वाहिनीच्या पहिल्या सेप्टल फांद्यांवर जगते. ती बंद पडली म्हणजे गुठळी त्या फांदीच्याही अलीकडे आहे, अगदी मुळाशी. उजव्या बंडलच्या ब्लॉकला कित्येक वर्षं कुणी फारसं मोजत नव्हतं. डाव्या बंडलचा ब्लॉक दिसला की धावाधाव, उजव्याचा दिसला की "असेल जुना". युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात मात्र स्पष्ट आलं की दुखणं चालू असताना उजव्या बंडलचा ब्लॉक असेल तर तोही तातडीच्या ॲन्जिओग्राफीचा इशारा धरावा, कारण या रुग्णांची पुढची वाट खडतर असते.

याच वेळी मी कॅथलॅबला फोन करून ठेवला. "कदाचित पाठवीन" एवढंच सांगितलं.

९:२० ला, म्हणजे इंजेक्शननंतर तासाभराने, सिस्टरने पुढची पट्टी हातात दिली आणि मी जवळजवळ खूश झालो. व्ही-२ मध्ये एसटी चारवरून दीडवर! व्ही-३ ही निम्म्यावर. मुलाला सांगायला निघालोही होतो. मग लक्षात आलं की व्ही-१ मधली पी लहर पूर्ण उलटी झालीय आणि आर लहरीची उंची सगळ्याच लीडमध्ये बदललीय. झटक्यात अशा गोष्टी बदलत नाहीत. खाटेजवळ जाऊन बघितलं तर घामाने छातीवरचे इलेक्ट्रोड निघाले होते, आणि पुन्हा लावताना ते एक बरगडी वर गेले होते.

व्ही-१ आणि व्ही-२ ची जागा चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या हाडाच्या दोन्ही कडांना. एक फट वर गेलात की तुम्ही हृदयाच्या दुसऱ्याच भागाकडे बघताय. एकटी पट्टी वाचताना ही चूक कधीकधी खपून जाते. दोन पट्ट्यांची तुलना करून त्यावर निर्णय घ्यायचा असेल तर ती सगळा हिशेब बिघडवते. छाती पुसली, दोन जागी केस काढले, सहाही जागांवर मार्करने फुल्या मारल्या. आता आमच्या आयसीयूत पहिल्या ईसीजीलाच फुल्या मारतात. त्या सकाळी मात्र मारलेल्या नव्हत्या.

फुल्यांवरून पुन्हा काढलेल्या पट्टीत व्ही-२ परत साडेतीनवर.

९:५०

इंजेक्शननंतर नव्वद मिनिटं. व्ही-१ दोन, व्ही-२ साडेतीन, व्ही-३ साडेचार, व्ही-४ तीन, व्ही-५ एक, लीड वन अर्धा, एव्हीएल एक. बेरीज १५.५. म्हणजे १९ मधून साडेतीन मिलिमीटर उतरले, जेमतेम १८ टक्के. उजव्या बंडलच्या ब्लॉकमध्ये मोजमाप बिघडतं, हा आक्षेप खरा आहे. पण तो ब्लॉक व्ही-१, व्ही-२ मध्ये एसटीला खाली ओढतो. खाली ओढूनही तो वरच असेल तर परिस्थिती कागदावर दिसते त्याहून वाईटच आहे.

या टक्क्याचं महत्त्व कुठून आलं? इंजेक्ट नावाच्या चाचणीतल्या १३९८ रुग्णांच्या पट्ट्या श्रोडर आणि सहकाऱ्यांनी इंजेक्शननंतर तीन तासांनी मोजल्या आणि १९९५ साली आकडे दिले. ज्यांचा एसटी ७० टक्के किंवा जास्त उतरला त्यांच्यात ३५ दिवसांतला मृत्युदर २.५ टक्के. ३० ते ७० टक्के उतरलेल्यांत ४.३. तीसच्या आत राहिलेल्यांत १७.५. आजार तोच, आणि सातपट फरक. पहिली पट्टी सांगते की किती मोठा भाग धोक्यात आहे. त्यातला किती वाचतोय हे दुसरी पट्टी सांगते, आणि रुग्णाचं पुढं काय होणार हे या दुसऱ्या प्रश्नावर जास्त ठरतं.

आता गंमत बघा. मामांचं दुखणं दहापैकी नऊवरून तीनवर आलं होतं. घाम थांबला होता. त्यांनी चहा मागितला होता. दर्शनावरून आलेल्या मावशी कपाळाला भंडारा लावून दारात उभ्या होत्या, आणि मुलगा मला म्हणाला, "साहेब, अप्पांना आता बरं वाटूलालंय की. मग कशाला हलवायचं?"

प्रश्नात चूक काहीच नव्हती. माणूस बोलतोय, हसतोय, चहा मागतोय. विरोधात फक्त एक गुलाबी कागद. पण दुखणं कमी झालं ते मॉर्फिनने, आणि मधुमेही माणसाच्या मज्जातंतूंवर तसाही भरवसा कमी. मी दोन्ही पट्ट्या औषधाच्या स्टीलच्या ट्रेवर एकाखाली एक ठेवल्या, व्ही-३ खाली व्ही-३ येईल अशा. पेनाने दोन्हीत सपाट रेषा ओढली. म्हटलं, "हा डोंगर पावणेआठचा. हा आत्ताचा. इंजेक्शनने काम केलं असतं तर हा खालचा डोंगर निम्म्याहून कमी व्हायला हवा होता."

मुलगा खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. दिवसभर कापडातला दोष शोधणाऱ्याची नजर. मग त्याने नखाने दुसऱ्या पट्टीतली उंची धरली, नख तसंच वर सरकवून पहिल्या पट्टीवर लावलं आणि म्हणाला, "एकच घर उतरलंय की."

अर्धा मिलिमीटर होतं खरं तर. मी दुरुस्ती केली नाही.

९:५८ ला त्याने सही केली. काकांचा फोन त्यानंतर आला.

अयशस्वी इंजेक्शननंतर काय करावं, याचं उत्तर २००५ च्या रिॲक्ट चाचणीने दिलं. नव्वद मिनिटांनी एसटी ५० टक्क्यांनीही न उतरलेले ४२७ रुग्ण. एका गटाला बचावाची ॲन्जिओप्लास्टी, दुसऱ्याला पुन्हा इंजेक्शन, तिसऱ्याला नुसती औषधं. सहा महिन्यांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा गंभीर हार्ट फेल्युअर यातलं काहीही न झालेले अनुक्रमे ८४.६, ६८.७ आणि ७०.१ टक्के. म्हणजे दुसरं इंजेक्शन देऊन बघू, हा मोह नुसत्या औषधांहूनही काही जास्त देत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने त्या सकाळी तोच मोह बोलून दाखवला होता.

वाहिनी उघडली, पण

होम मैदानाकडचे रस्ते यात्रेसाठी बंद असल्याने ॲम्ब्युलन्स वळसा घालून गेली. ११:१५ ला वाहिनीत फुगा फुगला. गुठळी पट्टीने सांगितली होती तिथेच, डाव्या पुढच्या वाहिनीच्या मुळाशी, पहिल्या सेप्टल फांदीच्या अलीकडे, पूर्ण बंद. स्टेंट बसला. पण रंगद्रव्य शेवटपर्यंत संथ गतीने पोहोचत होतं, रक्तप्रवाहाच्या टिमी श्रेणीत पूर्ण तीनऐवजी दोन. दुखणं सुरू होऊन सहा तास झाले होते.

तासाभराने काढलेल्या पट्टीत बेरीज ११. पहिल्या १९ च्या तुलनेत ४२ टक्के उतार. मोठी वाहिनी उघडली, बारीक वाहिन्या अर्ध्याच उघडल्या. तिसऱ्या श्रेणीच्या इस्केमियाने सकाळी पावणेआठलाच सांगितलेली गोष्ट.

पुढचे दिवस थोडक्यात. त्याच संध्याकाळी उजव्या बंडलच्या ब्लॉकसोबत डाव्या बंडलच्या पुढच्या फांदीचाही ब्लॉक दिसला. समोरच्या भिंतीच्या झटक्यात हे वाईट लक्षण, कारण उरलेली एक तारही गेली तर पूर्ण ब्लॉक होतो आणि खालून येणारे ठोके संथ, रुंद, बेभरवशाचे असतात. (खालच्या भिंतीच्या झटक्यातला पूर्ण ब्लॉक निराळा. तो बहुतेकदा या तारांच्या वरच्या एव्ही नोडचा असतो, ॲट्रोपिन या औषधाला ऐकतो, काही दिवसांत जातो. नाव एकच, भविष्य अगदी वेगळं.) बाहेरून पेसिंग करायचे पॅड चिकटवून ठेवले, तात्पुरता पेसमेकर हाताशी ठेवला. रात्रभर कुणी झोपलं नाही. पूर्ण ब्लॉक आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही ब्लॉक नाहीसे झाले. इथे पट्टीने आम्हाला घाबरवलं आणि तसं काही घडलं नाही.

तिसाव्या तासाला मॉनिटरवर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचे, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारे वेगवान, सलग सहा ठोके आले आणि आपोआप थांबले. तरुण डॉक्टर असे ठोके दाबणारं अमिओडॅरोन भरूनच आला होता. त्याला थांबवलं, पोटॅशियम ३.४ होतं ते दुरुस्त केलं, बीटा ब्लॉकर सुरू ठेवला. त्याला कास्ट चाचणीची गोष्ट सांगितली. झटक्यानंतर जास्तीचे ठोके येणारे रुग्ण जास्त दगावतात हे कळल्यावर ते ठोके दाबणारी औषधं देऊन बघितली गेली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडने ठोके छान दबले. १९९१ च्या अंतिम आकड्यांत औषधाच्या गटात ६३ मृत्यू, औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या गटात २६. धोक्याची खूण पुसली म्हणून धोका जात नाही, हे इतक्या महागात फार थोड्या वेळा शिकायला मिळालंय. शिवाय पहिल्या ४८ तासांतले असे ठोके पुढच्या वर्षांबद्दल फारसं काही सांगत नाहीत.

घरी जाताना

सहाव्या दिवशी एकोमध्ये पंपिंग ३२ टक्के. टोकाचा भाग हलत नाही, आत गुठळी नाही. पट्टीत व्ही-१ ते व्ही-४ खोल क्यू लहरी, एसटी अजून दोन मिलिमीटर वर. सेल्व्हेस्टरच्या पद्धतीने मोजलं, ज्यात क्यू लहरींची रुंदी, आर लहरींची उंची वगैरेंना गुण देतात आणि प्रत्येक गुण डाव्या कप्प्याच्या साधारण ३ टक्के स्नायूइतका धरतात. गुण आले ९. म्हणजे सत्तावीस टक्क्यांच्या आसपास स्नायू गेला. ही पद्धत आता फारशी कुणी वापरत नाही, एमआरआयने सगळं दिसतं म्हणतात. पण एमआरआयचा खर्च आणि पेन्सिलीचा खर्च यात फरक आहे, आणि मला पंधरा मिनिटं होती.

कुटुंबाने नेटवर वाचून विचारलं, "शॉक देणारं मशीन आत्ताच बसवून टाकायचं का?" ३२ टक्के पंपिंगवर हा प्रश्न योग्यच. मॅडिट-दोन चाचणीने २००२ साली दाखवलं की जुन्या झटक्यानंतर पंपिंग ३० टक्के किंवा कमी असलेल्यांत हे यंत्र मृत्युदर १९.८ वरून १४.२ टक्क्यांवर आणतं. पण तिथे झटका जुना होता. झटक्यानंतर पहिल्या चाळीस दिवसांत यंत्र बसवून बघितलं ते डिनामिट चाचणीत, २००४ मध्ये, आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. लयीच्या गोंधळाने होणारे मृत्यू कमी झाले, तेवढेच दुसऱ्या कारणांनी वाढले. शिवाय बधिर झालेला स्नायू आठवड्यांनी जागा होऊ शकतो. म्हणून स्टेंटनंतर तीन महिने थांबायचं, औषधं पूर्ण द्यायची, मग पुन्हा मोजायचं.

"तोवर काही झालं तर?" मावशींनी विचारलं. मी खोटं बोललो नाही. म्हटलं, होऊ शकतं. म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत, चक्कर आली किंवा अंधारी आली तर १०८ ला फोन करायचा, मोटारसायकलवर मधे बसवून आणायचं नाही.

जाताना फाइलमध्ये मी चार पट्ट्या वेळ लिहून लावल्या: ७:४६, ९:५०, फुग्यानंतरची, सहाव्या दिवसाची. फसवी पट्टी माझ्याकडे ठेवली. नव्या सिस्टरना दाखवायला ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

सहा आठवडे, तीन महिने

सहाव्या आठवड्यात पंपिंग ३८ टक्के. तिसऱ्या महिन्यात ४०. यंत्राचा विषय मिटला. सातचा स्कोअर, तिसरी श्रेणी, नवा ब्लॉक, १८ टक्के उतार, यातल्या कशावरही पैज लावली असती तर मी हरलो असतो. की साडेनऊनंतर मामांना हलवलं म्हणून हरलो असतो? एका रुग्णावरून हे ठरत नाही. वर्तवलेलं वाईट टळलं की अंदाज चुकला म्हणायचं की कामाला आला म्हणायचं, याचा निकाल माझ्याकडे नाही. शंभर मामांपैकी किती, एवढंच आकडे सांगतात. समोरचे मामा त्या शंभरांत कितवे, हे पट्टीवर छापून येत नाही.

मामा कामावर परतले, पण रात्रपाळी आणि बीम उचलणं बंद. मालकाने कांडी मशीनवर दिलंय. मावा सुटलाय असं ते म्हणतात, मावशी मान हलवतात.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीत मुलाने मोठ्या अभिमानाने फाइल पुढे केली. सगळे रिपोर्ट लॅमिनेट करून आणलेले. ईसीजीच्या जागी चार चकचकीत काळे कागद. मशीनच्या पट्ट्या उष्णतेवर उमटतात, लॅमिनेशनच्या गरम रुळातून गेल्या की सगळा कागदच उमटून काळा होतो. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवल्या तरी थोड्याफार तशाच होतात. सुदैवाने ९:५० ला ट्रेवर ठेवलेल्या दोन पट्ट्यांचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, मुलाचं नख दुसऱ्या पट्टीवर टेकलेलं. त्याची साध्या कागदावर प्रिंट काढून फाइलमध्ये लावली, बाकीच्या दोन कॅथलॅबच्या प्रतींवरून घेतल्या. त्या दिवशीच्या नव्या पट्टीत व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये एसटी अजून एक मिलिमीटर वर आहे. टोकाचा भाग फुग्यासारखा बाहेर येतोय का, हे बघायला सहा महिन्यांनी पुन्हा एको करायचाय. तारीख फाइलच्या वरच लिहून दिलीय, बॉलपेनने.